०७१२ हा एसटीडी कोड अख्ख्या नागपूर जिल्ह्याला चालतो का? मोबाईलवरून कसा लावायचा?

नाही चालत. ०७१२ नागपूर शहराचा आणि लगतच्या भागाचा. काटोल ०७११२, रामटेक ०७११४, उमरेड ०७११६. टेलिफोन खात्याने देशाची वाटणी जिल्ह्यांवर केली नाही. फोनचे पैसे आकारायला साधारण तालुक्याएवढे भाग, म्हणजे चार्जिंग एरिया, पाडले आणि एकेकाला कोड दिला. जिल्हा नागपूर म्हणून कोडही नागपूरचाच, असं म्हणणाऱ्या एका माणसाशी माझा जुना वाद आहे.

तो म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. आमचा संत्र्याचा धंदा, ऑफिस काटोलला. मोबाईल अजून घरोघरी आले नव्हते तेव्हाची गोष्ट. दादाने नवी बिलबुकं छापली आणि काटोलच्या सहा आकडी नंबरापुढे ठोकून दिलं ०७१२. का, तर "नागपूर वाचलं की दिल्लीवाला मान देते." ऐन मृग बहाराच्या तोडीत आझादपूर मंडीतला अडत्या फोन लावून लावून थकला. लागणार कसा? सुरुवातीचं शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे भरावे लागतात. मुंबईचा कोड २२, म्हणून नंबर आठ आकडी. आपला ७१२, म्हणून सात. काटोलचा ७११२, म्हणून सहा. ७१२ पुढे सहा लावले तर नऊच होतात. अडत्याला वाटलं आम्हीच टाळतो आहोत, त्याने दुसऱ्याचा माल उचलला. आमची भरलेली गाडी उन्हात उभी, खालच्या क्रेटमधली संत्री दबून रस गळत होता. त्या रात्री मी एकेका बिलावर, खालच्या गुलाबी प्रतीवरसुद्धा, बॉलपेनने ०७१२ खोडून ०७११२ लिहिलं. दादा अजून म्हणतो, "काटोल काय वर्ध्यात आहे का?" वर्ध्याचा तर ०७१५२ आहे!

आपला कोड मुंबई-पुण्यासारखा ०२ ने सुरू होत नाही, याचं काहींना वाईट वाटतं. मला नाही वाटत. अमरावती ०७२१, रायपूर ०७७१, भोपाळ ०७५५, हाच आपला जुना शेजार.

बोर्डावर नुसता मोबाईल नंबर टाकणारा दुकानदार मला पटत नाही. मोबाईल माणसाबरोबर गावोगाव फिरतो, लँडलाइनच्या कोडवरून गाव कळतं. हो, पण आता इंटरनेटवरून चालणारे नंबरही ०७१२ चे मिळतात. तेव्हा फोन ०७१२ वरून आला म्हणून समोरचा सीताबर्डीतच बसला आहे असं धरू नका, आणि ओटीपी मागितला तर सरळ ठेवून द्या.

मोबाईलवरून ०७१२ आणि पुढे सात आकडे. परदेशातून शून्य गाळून +९१ ७१२. कार्ड, बिलबुक, लग्नपत्रिका, काहीही छापा. नंबर ज्या तालुक्याचा, कोडही त्याच तालुक्याचा टाका. प्रेसवाल्याने प्रूफ दिलं की छापलेला नंबर बाहेरगावच्या कुणाला तरी एकदा लावून बघायला सांगा, मगच छपाईला हो म्हणा.