सोलरवाला किलोवॅट म्हणतो, बिलात युनिट असतं, पेपरात मेगावॅट. 3 किलोवॅट लावलं तर रोज 3 युनिट मिळणार का?

नाही हो, 3 नाही, साधारण 12 मिळतील. गोंधळ इथेच होतो सगळ्यांचा.

किलोवॅट म्हणजे आत्ता या क्षणाला किती वीज ओढली जातेय (किंवा बनतेय) आणि युनिट म्हणजे ते किती वेळ चाललं त्याचा हिशोब. गीझरवरचं स्टिकर बघा, 2000 वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे 2 किलोवॅट, अर्धा तास चालला की 1 युनिट गेलं. तेवढ्याच एका युनिटात 9 वॅटचा एलईडी शंभर तासांच्या वर चालतो, त्यामुळे पोरांना लाईट चालू ठेवला म्हणून ओरडणारे आणि स्वतः तासभर गीझर लावून बसणारे बाबा आमच्या इंदूरच्या रामबागेत घरोघरी आहेत, असो. एसीचा टन वेगळाच, 1 टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीबाहेर फेकायची ताकद, पण वीज तेवढी लागत नाही, दीड टनाचा फुल चालला तरी दीड किलोवॅटच्या आसपासच घेतो.

आता तुमचं सोलर. 3 किलोवॅट म्हणजे कडक ऊन थेट पॅनलवर पडलं तर जास्तीत जास्त तेवढं. सकाळ-संध्याकाळ कमी, रात्री शून्य, म्हणून इंदूरकडे वर्षभराची सरासरी धरली तर एका किलोवॅटला दिवसाला 4 युनिट धरून चाला, पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. दुपारी उरलेली वीज लाईनीत जाते ती एक्सपोर्ट, रात्री घेता ती इम्पोर्ट, नेट मीटर दोन्ही मोजतो. आणि हे सेल्सवाले मुद्दाम सांगत नाहीत, साध्या ऑन-ग्रिड (म्हणजे बॅटरी नसलेल्या, थेट लाईनीला जोडलेल्या) सिस्टिममध्ये लाईट गेली की सोलरपण बंद पडतं, भर दुपारी सुद्धा, कारण तुमच्या छतावरची वीज लाईनीत गेली तर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसेल.

मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट, बस. नर्मदेचं पाणी इंदूरला चढवायला जी वीज लागते तिच्यासाठी नगर निगमने 2023 मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून जलूद गावचा 60 मेगावॅटचा सोलर प्लांट हाती घेतला, तो पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर 60 हजार युनिट. पण खंडव्याकडचं सिंगाजी वीज केंद्र कोळशावर चालणारं, 2520 मेगावॅटचं आहे, आणि ते रात्रीही चालू शकतं, सोलर नाही. म्हणून पेपरात नुसते मेगावॅट वाचून दोघांची तुलना करू नका, वर्षाला युनिट किती बनले ते बघा.

सोलरवाल्याला फोन करायच्या आधी मागच्या 12 महिन्यांची बिलं काढा आणि युनिटची बेरीज करा. महिन्याला दीडशेच्या आत असाल तर 2 किलोवॅट पुरे, तो 5 गळ्यात मारायला बघेल.