टाकी भरली की गळते, अर्धी असली की गळत नाही

प्रश्न : माझ्याकडे जपानमधून वापरून आलेली, पेट्रोलवर चालणारी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. टाकी फुल केली की मागच्या चाकाच्या वरच्या अंगानं पेट्रोल ठिबकतं आणि आत वास भरतो. थोडी चालवली की ठिबकणं थांबतं. गॅरेजमध्ये फिलर पाइपला, म्हणजे भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणाऱ्या नळीला, एपॉक्सीची लांबी (पुट्टी) लावून दिली, ती काही दिवसांतच सुटली. आता तेच म्हणतात, वेल्डिंग मारून देतो. नवा पाइप बाहेरून मागवायचा तर किती आठवडे लागतील कोणी सांगत नाही. वेल्डिंग करून घेऊ का? आणि तोवर गाडी चालवू का?

उत्तर : वेल्डिंगला सरळ नाही म्हणा. गाडी चालवण्याबद्दल पुढे सांगतो, आधी ती का गळते ते बघू.

तुमच्या वर्णनातच निम्मं निदान आहे. फिलर पाइप टाकीच्या वर असतो आणि एरवी रिकामाच असतो. पेट्रोल त्यात उभं राहतं ते फक्त टाकी काठोकाठ भरल्यावर, किंवा भरलेल्या टाकीनं जोरात वळण घेतल्यावर. पातळी खाली गेली की गळती बंद. म्हणजे भोक वरच्या भागात आहे. पण ते पाइपलाच आहे असं अजून धरू नका. टाकीच्या डोक्यावर, आतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचं झाकण असतं, त्याची रबरी रिंग गेली तरी टाकी भरल्यावर असंच होतं. फिलर पाइपला समांतर एक बारीक नळी धावते, भरताना टाकीतली हवा तिच्यातून बाहेर पडते. तिला चीर गेली तरी हेच. शिवाय जिथे आपण नोझल घालतो त्या खोबणीला सांडलेलं पेट्रोल आणि पावसाचं पाणी वाहून जायला एक छोटी नळी असते. पंपावर सांडलेलं पेट्रोल त्या नळीतून चाकाजवळ उतरतं आणि मालक उगाच धास्तावतो.

म्हणून चाक काढा, मागच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं लायनर उतरवा आणि नुसतं बघा. बऱ्याच गाड्यांत लायनर आणि पत्रा यांच्या सांदीत चिखल साठून कडक झालेला असतो. पाइप नेमका तिथून जातो. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात आणि तिथे वापरून आलेल्या गाडीत तो चिखल खारट असतो, त्यामुळे पाइप बाहेरून खात जातो. कधी गंज पाइप बॉडीला धरणाऱ्या ब्रॅकेटखाली लपतो. वर रंग शाबूत दिसतो, बोटानं दाबलं की पापुद्रा निघून येतो. त्या वाहून नेणाऱ्या नळीत माती अडकली असेल तर खोबणीत पाणी तुंबतं आणि पाइपचं तोंडही कुजतं. ती नळी तारेनं मोकळी करा. नवा पाइप बसवून ती तुंबलेलीच ठेवली तर हेच पुन्हा मागे लागेल.

लांबी का टिकली नाही? पाइपचं वरचं टोक बॉडीला पक्कं, खालचं रबरी होजनं टाकीला जोडलेलं. गाडी हलते तसा तोही थोडा हलतो. गंजावर लावलेली लांबी गंजालाच चिकटते, पत्र्याला नाही. आत पेट्रोल पाझरत असेल तर ती मुळात धरतच नाही. कुजलेल्या लाकडाला रंग देण्यातला प्रकार.

आता वेल्डिंग. लोकांना भरलेल्या टाकीची भीती वाटते आणि रिकामी टाकी निरुपद्रवी वाटते. हे उलटं आहे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि हवेत जेमतेम दीड टक्का ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगी पुरते. रिकाम्या टाकीत नेमकं असं मिश्रण तयार होऊ शकतं. वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून ती जमिनीलगत, गॅरेजच्या खड्ड्यात साठते. पाइप गाडीतून काढून, धुऊन वेल्ड केला तरी फारसा फायदा नाही. गंजलेला पातळ पत्रा जळून भोक मोठं होतं, आतलं कोटिंग जातं आणि नवा गंज सुटून टाकीत, तिथून पंपाच्या जाळीवर जातो.

पार्ट येईपर्यंत टाकी अर्धीच भरा. नोझल खट करून बंद झाल्यावर ‘आणखी थोडं’ हा हट्ट तर नकोच. गाडी बंदिस्त पार्किंगमध्ये ठेवू नका. अर्ध्या टाकीलाही वास येत असेल किंवा उभ्या गाडीखाली ओल दिसत असेल, तर मात्र ती चालवायची नाही. मग दोष दुसरीकडे आहे.

पार्ट मागवताना मॉडेलचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला नेहमीचा १७ अक्षरांचा नंबर नसतो, मॉडेल कोड आणि पुढे अनुक्रमांक असा चेसी नंबर असतो. तोच द्या. पेट्रोल-डिझेल, टू-व्हील-फोर-व्हील, लांब-आखूड बॉडी यांचे पाइप वेगवेगळ्या वळणांचे असतात. पाइपबरोबर रबरी होज, हवेची नळी, क्लिपा आणि तोंडाजवळचं रबर एकदमच मागवा. नवा हातात आल्याशिवाय जुना काढू नका. शेजारी ठेवून वळणं जुळवा, मग पुढे. मूळ पाइप मिळतच नसेल, तर जुना नमुना देऊन चांगल्या कारागिराकडून नवीन नळीचा पाइप वाकवून घ्या. त्याला हवेच्या नळीचं तोंडही हवं, नाहीतर पंपावर नोझल सारखं बंद पडत राहील.

काम करताना टाकी जेमतेम पाव असू द्या. जागा मोकळी, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर. ग्राइंडर नको, गंजलेले स्क्रू गंज सोडवणारं तेल मारून सावकाश सोडवा. होज चिकटलेली असेल तर आधी पिळून सोडवा, मग ओढा. पाइप निघाला की टाकीचं तोंड लगेच स्वच्छ कापडाचा बोळा घालून बंद करा, आणि बोळा बाहेर राहील एवढा मोठा घ्या. पाइपपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी किंवा तार असेल तर ती जागेवर लावा. भरताना तयार होणारी स्थिर वीज तिच्यातून उतरते. घाईत हीच पट्टी बाजूला पडलेली मी फार गाड्यांत पाहिली आहे, आणि त्या माणसांना मी कारागीर म्हणत नाही.

नंतर थोडं थोडं भरत टाकी फुल करा, सांध्यांवर कोरडा पांढरा कागद फिरवा. ओल लगेच दिसते.

प्रश्न : मूळ रबरी होज मिळत नाही. रेडिएटरची त्याच मापाची होज लावली तर?

उत्तर : नको. कूलंटच्या होजचं रबर बहुधा ईपीडीएम असतं. ते गरम पाणी छान झेलतं, पण पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडतं. होजवर छापलेलं वाचा: एसएई ३०आर६ किंवा ३०आर७ असेल तर ती कमी दाबाच्या इंधनासाठीची आहे. काही छापलेलंच नसेल तर दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

प्रश्न : युरोपियन गाडीत डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागून पी ०४५५ हा बिघाडाचा कोड आला होता. फिलर पाइप आणि झाकण बदललं, कोड पुसला. दिवा विझला आहे, पण दुरुस्ती झाली हे कसं ओळखू?

उत्तर : दिवा विझला कारण तुम्ही कोड पुसलात. तो कोड टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर न सोडणाऱ्या यंत्रणेतल्या (इव्हॅप) मोठ्या गळतीचा आहे. गाडी तिची तपासणी स्वतः करते, पण तिला वाटेल तेव्हाच: साधारणपणे थंड इंजिनापासून सुरुवात आणि टाकी ना रिकामी ना काठोकाठ. दुरुस्तीनंतर हौसेनं फुल टाकी ठेवलीत तर ती तपासणी होणारच नाही. निम्म्या टाकीवर रोजच्यासारखी चालवा, मग स्कॅनरवर ‘इव्हॅप मॉनिटर’ पूर्ण दाखवतोय का ते बघा. थांबायचं नसेल तर स्मोक टेस्ट, म्हणजे यंत्रणेत धूर सोडून गळती शोधायची चाचणी, करून घ्या. तिच्यासाठी अगदी कमी दाबाचं खास यंत्र असतं. कोणी टायरचा कॉम्प्रेसर टाकीला लावू लागला तर गाडी घेऊन निघा.