मुक्त अर्थव्यवस्था मान्य केली, तर सरकारने शाळा कशाला चालवायच्या?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मोबाइल, विमान, बँका सगळं खाजगी झाल्यावर सुधारलं, मग शाळाही खाजगी कराव्यात. सरकारने फक्त पालकांच्या हातात व्हाउचर, म्हणजे फीसाठीचं सरकारी कूपन, ठेवावं. पालक चांगली शाळा निवडतील आणि वाईट शाळा आपोआप बंद पडतील.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. तालुक्याच्या गावी माझं गणवेशाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. बाजाराबद्दल मला आकस असायचं कारण नाही, माझं पोटच त्यावर आहे. समोरच्या गल्लीत दुसरं दुकान उघडलं तेव्हा मला भाव उतरवावे लागले आणि शिलाईही सुधारावी लागली. स्पर्धेने माल सुधारतो, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. पण शाळेच्या बाबतीत बाजार कसा चालतो हेही मी दर जूनमध्ये काउंटरमागून बघतो, म्हणून लिहितोय.

माझ्याकडून नेलेल्या शर्टाची शिवण उसवली तर बाई दुसऱ्या दिवशी येऊन शर्ट काउंटरवर आपटते. शाळेचा माल खराब निघाला हे कळायला दहा वर्षं लागतात, आणि तो परत करता येत नाही. पोरगं परत पहिलीत बसवता येत नाही. शिवाय पैसे देणारा बाप, वापरणारं पोरगं, आणि पोराला कुणी विचारत नाही. मग बाप बघतो काय? जे दिसतं ते. टाय आहे का, पिवळी बस दारात येते का, पाटीवर 'इंग्लिश मीडियम' लिहिलंय का. गेल्या काही वर्षांत 'इंटरनॅशनल' हा शब्दही आला. आमच्या तालुक्यातल्या इंटरनॅशनल शाळेत परदेशातली फक्त बुटांची नक्कल आहे, तीही मीच विकलेली.

बाई वर्गात काय शिकवतात हे बापाला दिसत नाही. ज्याला स्वतःला इंग्रजी येत नाही, त्याने पोराचं इंग्रजी कसं तपासायचं? ते शिकवायलाच तर त्याने पोराला तिथे घातलंय.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, थोडी लाजिरवाणी आहे. एका खाजगी शाळेच्या संस्थाचालकांनी मला बोलावलं. चहा झाला. म्हणाले, "पाचशे मुलं आहेत, सगळी तुमच्याकडेच पाठवतो. सेटमागे आम्हाला काय?" खिशावर शाळेचा लोगो, आणि तो लोगो फक्त माझ्याकडे. मी कबूल झालो. सेटचा भाव चढवला, चढवलेला भाग तिकडे पोचवला. तीन जून असे गेले. मग लोगोतला दिवा जाऊन तिथे गरुड आला, आणि गरुड दुसऱ्या दुकानात मिळू लागला. त्याने सेटमागे जास्त देऊ केले होते. पालकांना मात्र दोन वर्षं चालले असते असे धडधाकट शर्ट टाकून नवे घ्यावे लागले. ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेने करू नये, असे सरकारी आदेश आहेत. पण दाखला ज्याच्या कपाटात आहे त्याच्याशी आदेश घेऊन कोण भांडणार?

संस्थेला मी निवडता येत होतो आणि मला संस्था निवडता येत होती. ज्याच्या खिशातून पैसे जात होते, त्यालाच काही निवडता येत नव्हतं. एकदा प्रवेश घेतला की डोनेशन बुडतं, पोराचे मित्र सुटतात, जवळपास दुसरी शाळा नसते. साबण बदलायला दोन मिनिटं लागतात, शाळा बदलायला अख्खं घर हलतं.

तुमची व्हाउचरची कल्पना अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनची. १९५५ च्या लेखात त्यांनी ती मांडली. पण त्यांनीही सरकारने शिक्षणातून अंग काढून घ्यावं असं म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, पैसा सरकारने द्यावा, शाळा चालवणं मात्र वेगळं काम आहे, ते कुणीही करावं. पोरगं शिकलं तर फायदा त्याच्या एकट्याचा नसतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही असतो, म्हणून खर्च सगळ्यांनी मिळून करायचा. हे मला पटतं. माझ्या दुकानातला पोऱ्या चलन वाचतो आणि टक्केवारी काढतो. ती ज्या गुरुजींनी शिकवली त्यांना मी एक रुपयाही दिलेला नाही.

त्याही आधी १७७६ मध्ये, बाजाराचे मूळपुरुष समजले जाणारे ॲडम स्मिथ स्कॉटलंडच्या गावशाळांचं कौतुक करून गेले. लिहिणं-वाचणं-हिशेब सगळ्यांना यावा म्हणून सरकारने थोडा खर्च करावा, प्रसंगी सक्तीही करावी, असं त्यांनी लिहून ठेवलंय. फक्त पुढे एक मेख मारली: मास्तराचा सगळा पगार सरकारने देऊ नये, नाहीतर तो काम टाळायला शिकेल. ही मेख लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येतो.

व्हाउचर प्रत्यक्षात कुठे आलं? चिलीमध्ये १९८१ साली, लष्करी राजवटीत. सरकारी पैसा विद्यार्थ्यामागे जाऊ लागला, खाजगी शाळा भराभर निघाल्या आणि पुढे निम्म्याहून जास्त मुलं त्यांत गेली. झालं असं, की पालकांनी शाळा निवडण्याऐवजी शाळाच मुलं निवडू लागल्या. हुशार आणि शिकलेल्या घरचं मूल म्हणजे कमी मेहनत, चांगला निकाल. उरलेली मुलं नगरपालिकेच्या शाळेत. नव्वदच्या दशकात सरकारी पैशावर वरून फी घ्यायचीही मोकळीक मिळाली, त्यामुळे ऐपतीप्रमाणे शाळांच्या पायऱ्या पडल्या. २००६ मध्ये शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली. लोक त्यांना 'पेंग्विन' म्हणत, कारण गणवेशच तसा, पांढरा शर्ट आणि गडद कोट. (धंद्यामुळे असं काही माझ्या लगेच लक्षात राहतं.) शेवटी २०१५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांचा नफा, निवड आणि वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. स्वीडनने १९९२ मध्ये असंच दार उघडलं, तिथे नफा कमावणाऱ्या कंपन्याही आल्या. २०१३ मध्ये त्यातली एक मोठी कंपनी बुडाली आणि हजारो पोरांवर शाळा शोधायची वेळ आली. वाईट शाळा 'आपोआप बंद पडते' म्हणजे काय, ते हे. ज्या दिवशी ती बंद पडते त्या दिवशी तिच्या आत पोरं बसलेली असतात.

आपल्याकडे तर सुरुवातच उलटीकडून झाली. बाजार मागणी असेल तिथे जातो, आणि इथे मागणीच नव्हती. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोध करणाऱ्यांत इंग्रज अधिकारी होते तसे आपले जमीनदारही होते. शेतावर राबायला कोण राहणार, ही खरी काळजी. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! गुरं वळणारं पोरगं उठवून वर्गात बसवायचं, तर घरात जे नुकसान होणार त्याच्या वरचढ काहीतरी धाक हवाच. कुठल्याही दुकानदाराला गिऱ्हाइकाला दंड करता येत नाही.

आणि व्हाउचरसारखं काही आपल्याकडे नाहीच असं समजू नका. दोन प्रकार आहेत. पहिला जुना, अनुदानित शाळांचा: संस्था खाजगी, पगार सरकारचा. रयत शिक्षण संस्थेसारख्यांनी यातून खेडोपाडी हायस्कुलं नेली, हे मान्यच करायला हवं. पण याच व्यवस्थेत शिक्षकाच्या जागेचा लिलाव कसा चालायचा हे गावात कुणालाही विचारा. पगार सरकार देणार, नेमणूक संस्था करणार, आणि मधले लाख संस्थेच्या खिशात. पुढे सरकारला शिक्षकभरतीसाठी 'पवित्र' नावाचं ऑनलाइन पोर्टल आणावं लागलं ते त्यामुळेच.

दुसरा प्रकार आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा. २००९ च्या कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या मुलांना, फी सरकार भरणार. महाराष्ट्रात ही रक्कम मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये धरली गेली. कागदावर हे जवळजवळ फ्रीडमनचंच व्हाउचर. प्रत्यक्षात सरकार उधारीवरचं गिऱ्हाईक निघालं, शाळांची येणी वर्षानुवर्षं थकली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. संस्थाचालक खूश, तिजोरीही खूश. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मला यातून एवढंच दिसतं की व्हाउचर आणलं म्हणून सरकारचा संबंध संपत नाही. पैसे वेळेवर देणं, जागा नाकारणाऱ्या शाळेला जाब विचारणं ही कामं सरकारलाच करावी लागतात, आणि ती शाळा चालवण्यापेक्षा सोपी नाहीत.

आता सरकारी शाळांची वकिली करायला मी बसलेलो नाही. स्मिथची मेख इथे लागू पडते. काही गुरुजी असे आहेत की त्यांचा पगार आणि त्यांचं शिकवणं यांची ओळखदेख नाही. पण काम करणाऱ्यालाही आपण करू देत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी कामं लावायला बंदी केली. ही तीन सोडली, आणि त्या सोडलेल्या भोकातून अख्खा हत्ती जातो. माझ्या ओळखीचे एक गुरुजी वर्गाच्या वेळात मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरताना भेटतात.

आणि मुंबईत बसून सगळं ठरवलं की काय होतं, ते गणवेशात झालं. आधी 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून एका गणवेशाला ३०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे, म्हणजे गावातल्या पालकांच्या हातात. समिती बाजारात फिरून घ्यायची. मग ठरलं 'एक राज्य, एक गणवेश': कापड राज्यपातळीवरून, शिलाई बचत गटांकडून. २०२४ मध्ये पंधरा ऑगस्ट उलटला तरी कित्येक पोरांच्या अंगावर गणवेश नव्हता, आला तिथे मापाचा नव्हता. बचत गटाच्या बायकांचा दोष नाही, त्यांच्यापर्यंत कापड कधी पोचलं ते विचारा. डिसेंबरमध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेश पुन्हा समित्यांकडे दिला.

माझं म्हणणं या गणवेशातच आहे. पैसा सरकारचा असावा, कुठलंही पोरगं नाकारता येणार नाही ही सक्ती असावी, पण कुठून काय घ्यायचं हे पोराचं माप माहीत असलेल्या माणसाने ठरवावं. तिथे बाजार येऊ द्या की, मी स्वतः रांगेत उभा आहे. मात्र शाळा असेल की नसेल, हा निर्णय बाजाराकडे द्यायचा नाही.

घाटाखालच्या एका वस्तीवर झेडपीची शाळा आहे, चौथीपर्यंत. तिथल्या समितीच्या अध्यक्ष एक बाई आहेत, स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. त्या जूनमध्ये एसटीने येतात. वहीच्या पानावर मापं लिहिलेली असतात, छाती, उंची, कंबर, आणि पुढे शेरे: 'हा फार फाडतो, डबल शिलाई', 'हिला एक नंबर मोठा, पुढच्या वर्षी चालेल'. कापड दोन बोटांत चुरगळून बघतात. समोरच्या गल्लीतल्या दुकानातला भाव मला तोंडावर सांगतात, आणि मी कमी केल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. तीनशेच्या वर एक रुपया जाऊ देत नाहीत. असं चोखंदळ गिऱ्हाईक मला इंटरनॅशनल शाळेने कधी दिलं नाही.

त्या बाईंच्या यादीत यंदा आठ नावं होती. तुमचं व्हाउचर त्या आठांच्या हातात देऊन बघा. मुलामागे १७,६७० धरले तर शाळेची वर्षाची सगळी मिळकत होते १,४१,३६० रुपये. म्हणजे महिन्याला बारा हजारांच्या आत. त्यात शिक्षक, इमारत, खिचडी, वीजबिल, सगळं. पावसाळ्यात ओढा भरला की त्या वस्तीवर दूधवाल्याची गाडीही जात नाही. मी धंदेवाला माणूस आहे, आणि सांगतो, एवढ्यासाठी तिथे दुकान टाकायला मी जाणार नाही. तुम्हीही जाणार नाही. सध्या तिथे एक गुरुजी जातात, मोटरसायकल ओढ्याअलीकडे लावून.