आधी मांडी, मग वजनकाटा

प्रिय पोरी,

तुझा रात्री सव्वाबाराचा मेसेज सकाळी वाचला. ‘ताई, काटा 71 दाखवतोय. 65 वर यायचंय. निवड चाचणीला दीड महिना आहे. काय काय बंद करू?’ फोनवर बोलले असते, पण फोनवर तू नुसतं ‘हो ताई’ म्हणतेस आणि रात्री परत त्याच विचारात जागी राहतेस. म्हणून सावकाश लिहितेय. दोनदा वाच.

आधी हा 65 चा आकडा बघू. कबड्डीत कुमारी गटाची वजनमर्यादा 65 किलो आणि वयाच्या हिशोबाने तुझं त्या गटातलं हे शेवटचं वर्ष. घाई त्याचीच आहे, हे मला कळतं. पण पुढच्या वर्षी तू महिला गटात जाशील आणि तिथे मर्यादा 75 किलोची आहे. म्हणजे आज ज्या वजनाने तुझी झोप उडालीय, तेवढ्या वजनाची मुलगी तिथे नियमाने खेळू शकते. दुखापतीआधी तू 63 ला होतीस, तेव्हा बोनसच्या जादा गुणासाठी रेषेपलीकडे पडणारा तुझा पाय मला आठवतो. वजन उतरायलाच हवं. फक्त दीड महिन्यात नाही, आणि या चाचणीसाठी तर अजिबात नाही.

कारण चाचणीच्या दिवशी तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम साडेपाच महिने झालेले असतील. तुटलेला एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारा लिगामेंट, शिवून जोडलेला नाही. तुझ्याच मांडीच्या मागचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, काढून तो गुडघ्यात बसवलाय. त्याला तिथे रुजायला, रक्तपुरवठा मिळायला, लिगामेंटसारखं काम करायला बरेच महिने जातात. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं आणि तिथेच फसगत होते. गुडघा दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं वाटायला लागतं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ऑपरेशननंतर नऊ महिने होईपर्यंत खेळाडू जितका जास्त थांबला, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने कमी होत गेला. एका महिन्याची किंमत एवढी आहे. त्यात आपला खेळ कसला? धावत जायचं, एका पायावर थांबायचं, गर्रकन वळायचं, आणि समोरच्या संघाची कोपऱ्यातली मुलगी नेमका तोच घोटा धरणार.

आता मांडीचं. मागच्या महिन्यात तू आलीस तेव्हा मी शिंपीकामाची टेप काढली होती, आठवतं? गुडघ्याच्या वाटीच्या वर चार बोटांवर पेनाने खूण केली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी 51 सेंटिमीटर, ऑपरेशनची डावी साडेसत्तेचाळीस. तू हसलीस, मला मात्र काळजी वाटली. काटा वर गेलाय आणि मांडी खाली आलीय. म्हणजे वाढलीय ती चरबी आणि गेलाय तो स्नायू. अशा वेळी उपाशी राहिलीस तर उरलेला स्नायूही जाईल. काट्यावर 65 दिसेल, पण गुडघ्याला धरून ठेवणारं कुणी उरणार नाही.

ही मांडी आपोआप परत येत नाही. गुडघ्याला सूज असली की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरतं आवळूच देत नाही. म्हणून फिजिओ तुला ते कंटाळवाणे व्यायाम देतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचं. परवा तुझ्या आईने सांगितलं की तू हे टीव्ही बघत करतेस. टीव्ही बंद कर. मांडीवर हात ठेव आणि आतला, वाटीच्या वरचा थेंबासारखा भाग आवळतोय का, ते बोटांनी तपास. तो हलत नसेल तर तू नुसता टॉवेल दाबतेयस. पाय पूर्ण सरळ होतोय का हेही रोज बघ. झोपून दोन्ही टाचा शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो. पुढचे व्यायाम, म्हणजे अर्धी बैठक, पायरीवर चढणं, एका पायावर उठणं, हे फिजिओ सांगतील त्याच क्रमाने. मैत्रिणीने मोबाईलवर दाखवलं म्हणून काही करायचं नाही.

वजन का वाढलं याचा दोष स्वतःला देऊ नकोस. तू सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास सराव करायचीस आणि चार भाकऱ्या खायचीस. सराव बंद झाला, भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. शिवाय बघायला येणारा प्रत्येक जण डिंकाचे लाडू घेऊन आला. त्यांची माया खरी आहे, पण तूप-गुळाचे तीन-तीन लाडू रोज खाऊन लिगामेंट लवकर रुजत नाही. लाडू वाटून टाक. फरसाण आणि चहाबरोबरची बिस्किटं घरात आणू नका, असं आईला माझं नाव घेऊन सांग.

पण जेवण तोडायचं नाही. जखम भरायला आणि स्नायू बांधायला शरीराला प्रथिनं लागतात. तुझ्या वजनाला दिवसाला साधारण 110 ग्रॅम धर. हा आकडा मोठा वाटतो, कारण आपल्या ताटात भाकरी आणि भात जास्त असतो. एका अंड्यात 6 ग्रॅम, अर्धा लिटर दुधात 16 च्या आसपास, 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 25, मूठभर भाजलेल्या चण्यांत 6-7. सकाळी तीन अंडी, दुपारी मटकीची घट्ट उसळ आणि दही, संध्याकाळी चणे, रात्री सोयाबीन किंवा चिकन, आणि दूध रोज. चार भाकऱ्यांच्या जागी दोन. उसळीची वाटी मोठी, भाताची लहान. भूक लागली तर काकडी-टोमॅटो हवा तेवढा. यात उपास कुठेही नाही. एवढ्यावर आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झालं. महिन्याला दोन किलो म्हणजे तीन महिन्यांत सहा. तोपर्यंत तुला सातवा महिना संपत आलेला असेल.

रेनकोट घालून घाम काढणं, आदल्या दिवशी पाणी बंद करणं, हे तुझ्या डोक्यात आहे. मला माहीत आहे, कारण मैदानावर सगळ्यांच्याच डोक्यात असतं. कुस्तीतल्या विनेश फोगाटचं आठव. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिच्या गुडघ्याचं एसीएलचं ऑपरेशन आपल्या मुंबईत झालं. वर्षभरात ती पॅरिसला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचली. केवढी जिद्द! आणि अंतिम लढतीच्या सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरीही. तिच्या मागे डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ असे सगळे होते. शरीरातलं पाणी काढून आकडा गाठणं किती निर्दय असतं, ते तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. तू ते घरच्या अंगणात एकटीने करायचं नाहीस. आणि पाणी गेलं म्हणजे चरबी गेली असं नसतंच. दोन तांबे प्यायलीस की वजन परत.

दम मात्र आत्तापासून वाढव. फिजिओंनी स्थिर सायकलला हो म्हटलंय ना? मग सीट उंच ठेव आणि चढाईच्या हिशोबाने चालव. 30 सेकंद जोरात, तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ न तोडता, मग दीड मिनिट सावकाश. पहिल्या आठवड्यात अशा सहा चढाया, मग आठ, मग दहा. बंद खोलीत ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, वाटू दे. श्वास आणि पाय पुन्हा एकत्र चालायला लागले की तुझं मन मैदानावर जाईल आणि रात्रीचे ते मेसेज थांबतील. बसून खांद्यांचे, पाठीचे व्यायामही चालतील. पोहायचं तर तलावात, हात मारत. बेडकासारखे पाय झाडत नाही, आणि विहिरीत उडी तर मुळीच नाही.

एक नाजूक गोष्ट. आईकडून कळलं की दोन महिने तुझी पाळी आलेली नाही. ‘बरंय, कटकट नाही’ असं म्हणालीस म्हणे. बरं नाही ते. खेळणाऱ्या मुलीने जेवण तोडलं की अनेकदा शरीर सगळ्यात आधी पाळी थांबवतं, आणि असंच चालत राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. रात्रीचं जेवण तू कधीपासून टाळतेयस, हे मी विचारत नाही. आजपासून जेव, आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव. लाजू नकोस. मी बरोबर येईन.

माझ्या डाव्या गुडघ्याची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. पकड करताना ‘कट्’ असा आवाज आला, सगळ्यांना वाटलं मुरगळला. आठ दिवस मालिश, सहा आठवडे विश्रांती, आणि मग क्रेप बँडेज बांधून मी स्पर्धेला उतरले, कारण ते माझं संघातलं शेवटचं वर्ष होतं. दुसऱ्याच सामन्यात गुडघा पुन्हा सरकला आणि आतली गादीही फाटली. दाखवलं त्या डॉक्टरांनी खेळ सोडून संसाराला लाग असं सांगितलं, आणि तेव्हा दुसरं कुणाला विचारायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. मी तेवीस वर्षांची होते. आजही जिना उतरताना कठडा धरते. तुझ्याकडे चांगले सर्जन आहेत, फिजिओ आहेत, एमआरआय आहे. आमच्याकडे नसलेलं सगळं तुझ्याकडे आहे. ते एका चाचणीसाठी उधळू नकोस.

मैदानावर कधी यायचं ते आपण कॅलेंडर बघून ठरवणार नाही. नऊ महिने झालेले हवेत. डाव्या मांडीची ताकद उजवीच्या निदान 90 टक्के भरायला हवी. एका पायावरची लांब उडी दोन्ही पायांनी जवळपास सारखी पडायला हवी आणि उतरताना गुडघा आत वळता कामा नये. मग मोकळं धावणं, मग वळणं, मग कुणी न पकडता नुसती चढाई, आणि शेवटी पकड.

चाचणीला तू माझ्याबरोबर ये. बाकाजवळ बसून दोन्ही संघांच्या कोपऱ्यांच्या हालचाली वहीत लिही. ते कामही मला हवंच आहे.

रविवारी सकाळी साडेआठला घरी ये, जेवूनच ये. येताना फिजिओंचा कागद घेऊन ये. काटा मी कपाटावर ठेवून दिलाय, टेप बाहेर काढलीय.

तुझी,
ताई