इटलीत पडलेले माणगावचे यशवंत घाडगे, वय 22

तुम्ही विचारलंय की युद्धात गेलेला असा एखादा तरुण सैनिक सांगा ज्याची आठवण काढली जायला हवी पण फारशी काढली जात नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे, नाईक यशवंत घाडगे (नाईक हा सैन्यातला हुद्दा, आडनाव नव्हे). आमच्या रायगडचे, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म नोव्हेंबर 1921, मृत्यू 10 जुलै 1944 ला इटलीत. म्हणजे तेविसावं पण पूर्ण झालं नव्हतं.

त्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी "अतुलनीय शौर्य गाजवले" एवढं एक वाक्य लिहून विषय संपवतात. दुसरं महायुद्ध चालू होतं, जूनच्या सुरुवातीला रोम दोस्तांच्या हाती पडलं होतं, जर्मन फौज उत्तरेकडे मागे सरकत होती पण फुकट काही सोडत नव्हती, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर मशीनगन लावून बसलेली. घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये होते, 5 मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, आणि एका रायफल सेक्शनचे कमांडर होते. सेक्शन म्हणजे जेमतेम दहाएक माणसं, सगळी एकमेकांना नावानिशी ओळखणारी, एकत्र जेवणारी. हल्ला करताना अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शनमधले सगळेच्या सगळे एकतर गेले नाहीतर जखमी होऊन पडले. उभे राहिले फक्त घाडगे.

आता इथे आडोसा घेऊन पडून राहिले असते तर कोणी एका शब्दाने बोललं नसतं. मागून येणारं कोणी नाही हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या मानपत्रातच, म्हणजे शौर्यपदकासोबतच्या अधिकृत मजकुरात, तसं लिहिलंय. तरी ते टॉमीगन (हातात धरायची छोटी मशीनगन) कमरेला लावून गोळ्या झाडत सरळ त्या मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, आधी ग्रेनेड टाकला त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गेले, मग एकाला टॉमीगनने उडवला, आणि तेवढ्यात गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता. मग त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मोर्चा घेतला. आणि तिथेच छातीत आणि पाठीत स्नायपरच्या गोळ्या लागून एकट्याने जिंकलेल्या त्या जागेवर ते गेले.

हे वाचताना मला नुसता अभिमान वाटत नाही, अंगावर काटा येतो. समोरचे ते दोघंही कोणाची तरी पोरंच असतील. पण युद्ध असंच असतं आणि ते गुळगुळीत करून सांगितलं तर त्या बावीस वर्षांच्या माणसाने काय केलं, काय सोसलं हे आपल्याला कधी कळणारच नाही.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक. तो व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेलच्या हातून घ्यायला त्यांची पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. कोकणातल्या खेड्यातली तरुण विधवा, आणि समोर सगळा सरकारी थाट. तिच्या मनात तेव्हा काय चाललं असेल ते कोणी लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

आता नेहमीचा मुद्दा, "ते तर इंग्रजांसाठी लढले, त्यांचं काय कौतुक". मला हे ऐकलं की खरंच राग येतो. दुसऱ्या महायुद्धात 25 लाखांच्या आसपास भारतीय सैन्यात होते. कोकणात भाताचं एक पीक, त्यावर घर चालत नाही, मग पोराने एकतर मुंबईला गिरणीत जायचं नाहीतर पलटणीत भरती व्हायचं. आणि इटलीत समोर होता कोण, हिटलरची फौज. अजून एक, ज्या बटालियनमध्ये घाडगे पडले तीच पुढे भारतीय सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन 2 पॅरा झाली आणि त्याच पलटणीने 11 डिसेंबर 1971 ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाइलला विमानातून उड्या घेतल्या. टांगाइलचा अभिमान बाळगायचा आणि 1944 चे लोक परके म्हणायचे हे मला पटत नाही, पलटण तीच आहे.

इटलीत 5,782 भारतीय सैनिक मेले. तिथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीयांचे. गंमत नाही तर खंत अशी की आपल्यापेक्षा तिथल्या लोकांनी जास्त लक्षात ठेवलंय. पेरुजियाजवळ मोंतोने नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे जुलै 2023 मध्ये घाडग्यांच्या नावाने स्मारक उभारलं, आणि ते पुतळा वगैरे नाही तर सावलीवरून वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. सगळे म्हटलं की ज्या जर्मनांशी लढाई झाली तेही त्यात आले, हे मला फार आवडलं.

आपल्याकडे माणगावात तहसील कार्यालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा हायवेने तुम्ही जाताच ना, चहाला थांबता तेव्हा दहा मिनिटं काढा आणि बघून या, मुलं सोबत असतील तर घाडग्यांचं वय सांगा त्यांना.

आणि तुमच्या घरात कोणी "आजोबांचा भाऊ लढाईत गेला, परत आलाच नाही" असं सांगत असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) वेबसाइटवर नाव फुकट शोधता येतं. स्पेलिंग दोन-चार प्रकारे टाकून बघा, तेव्हाच्या कारकुनांनी मराठी नावं कशीही लिहिलीत, आणि रेजिमेंटचं नाव माहीत असेल तर तेही टाका. बऱ्याच नोंदीत वडिलांचं नाव आणि गावही असतं, त्यावरून खात्री करता येते. कोणाला शोधताना अडलं तर खाली कमेंटमध्ये नाव आणि गाव लिहा, मी मदत करेन.