कुंथूनही पोट साफ होत नाही, तेव्हा बायोफीडबॅक

"इतकी रेचकं झाली, आता बायोफीडबॅक करा म्हणतात. म्हणजे दोष माझ्या मनात आहे का? आणि त्या यंत्राने शॉक देतात का?" चाळिशीतल्या एका बाईंचे हे दोन प्रश्न. पुष्कळजण हेच विचारतात.

दोन्हींचं उत्तर 'नाही'. बायोफीडबॅक म्हणजे आपल्या स्नायूंचं काम पडद्यावर बघत ते सुधारायला शिकणं. बाईंच्या मॅनोमेट्रीत, म्हणजे गुदद्वाराचा दाब मोजणाऱ्या तपासणीत, दोष कागदावरच दिसत होता: कुंथताना गुदद्वाराचा दाब उतरायला हवा, तो चढत होता. गुदाशयात ठेवलेला, ५० मिली पाणी भरलेला फुगा मिनिटभरात बाहेर पडायला हवा, तोही पडेना. दार आतून लावून त्यालाच धक्के मारावेत, तसा हा प्रकार. अशी सवय कधी फिशरच्या (गुदद्वाराला पडलेल्या चिरेच्या) दुखण्यातून लागते, कधी वेग दाबून ठेवल्याने. कित्येकदा कारण सापडत नाही. मग जोर वाढवून काय होणार?

यंत्र फक्त मोजतं. गुदद्वारात बारीक नळी असते आणि पडद्यावर दोन रेषा दिसतात, एक पोटाच्या जोराची, दुसरी गुदस्नायूंची. पहिली चढताना दुसरी उतरली पाहिजे. पोट फुगवत श्वास घ्यायचा, मग श्वास न कोंडता पोटाने खाली हलका दाब द्यायचा, दहा-पंधरा सेकंद. बाईंची दुसरी रेषा सुरुवातीला उतरेचना, कारण त्या दात-ओठ खाऊन पूर्ण जोर लावत होत्या आणि नितंबही आवळत होत्या. "निम्माच जोर लावा" म्हटल्यावर रेषा हलली. त्यापुढे फुगा बाहेर ढकलण्याचा सराव. सुरुवातीला थेरपिस्ट तो हलकेच ओढून मदत करतात. ज्यांना वेगाची जाणीवच कमी असते, त्यांच्या फुग्यातली हवा हळूहळू कमी करत ती जाणीव जागी करतात. बाई घरी आवळण्याचे केगल व्यायामही करत होत्या. इथे शिकायचं असतं सैल सोडणं, म्हणून ते थांबवले.

घरी जेवणानंतर अर्ध्या तासाने बसायचं, पायाखाली छोटा स्टूल, गुडघे कमरेहून वर, किंचित पुढे वाकून. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. फोन बाहेर ठेवायचा. याला विरोध सर्वांत जास्त होतो. रेचक एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवावं.

साधारणपणे चार ते सहा सत्रं लागतात, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने, प्रत्येकी पाऊण-एक तास. स्नायूंचा ताळमेळ बिघडलेल्यांपैकी बहुतेकांना फायदा होतो. आतड्याची गतीच मंद असेल तर मात्र फारसा नाही, म्हणून आधी तपासणी. शौचातून रक्त, वजनात घट, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल, तर बायोफीडबॅकच्याही आधी त्याचा छडा लावावा.

पाचव्या सत्रात बाईंचा फुगा मिनिटाच्या आत पडला. रेचकाची मात्रा निम्म्यावर आली. जुनी सवय परतली तर? एखाददुसरं उजळणीचं सत्र पुरतं, आणि आधी पाहायचं ते हेच की पुन्हा श्वास कोंडला जातोय का.