डोंगरात एकट्याने स्कीइंगला जाताना बीकन पुरेसा असतो का?

आपण विचारले आहे की, स्की रिसॉर्टच्या हद्दीबाहेर, ताज्या भुसभुशीत बर्फात एकट्याने दिवसभर स्कीइंग करणे कितपत सुरक्षित आहे आणि अंगावर हिमस्खलन बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधता यावे म्हणून रेडिओ संकेत पाठवणारे छोटे यंत्र, असला तर तेवढे पुरते का. गेली काही वर्षे मी असे दिवस एकटीने काढते आहे, त्या अनुभवावरून सांगते: बीकन पुरत नाही. तो ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवत राहतो, पण तो संकेत पकडणारा दुसरा बीकन, शोधकाठी आणि फावडे घेऊन कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे लागते. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि बचाव पथक तेवढ्यात क्वचितच पोहोचते. मी तरीही बीकन बांधते, कारण वाटेत दुसरे कोणी गाडले गेले तर मला त्यांना शोधता आले पाहिजे.

म्हणून एकटे असताना सगळी भिस्त उताराच्या निवडीवर ठेवावी लागते आणि ती निवड आदल्या रात्री, नकाशा समोर ठेवून करावी, असे माझे ठाम मत आहे. स्कीइंग करणाऱ्यांना गाठणारी बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. मी एकटी असले की ३० अंशांच्या वर जात नाही आणि चढाईची वाट अशी आखते की, डोक्यावर त्याहून तीव्र उतार राहू नये. कारण आपण सौम्य उतारावर असलो तरी वरून सुटलेला बर्फ आपल्यापर्यंत येऊ शकतो. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशाराही वाचतेच. पाच पातळ्यांपैकी चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरी थांबतात. तिसरी पातळी मात्र ‘मधली’ वाटते आणि तिथेच अनेकांचा घात होतो.

हे नियम कागदावर सोपे वाटतात, पण समोर न मोडलेला शुभ्र उतार दिसला की त्यांची खरी परीक्षा होते. एका सकाळी स्कीच्या तळाला, चढताना ती मागे घसरू नये म्हणून लावतात त्या स्किनच्या पट्ट्या चिकटवून मी झाडीतून वर निघाले होते. रात्रीतून सुमारे तीस सेंटिमीटर बर्फ पडला होता, वारा थांबला होता आणि पट्ट्यांच्या सरसर आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते. झाडी संपून सपाट माळ लागला आणि पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला. माझ्याभोवतीचा बर्फ बोटभर खाली बसला आणि डाव्या स्कीच्या टोकापासून एक बारीक चीर सरळ पुढे धावत गेली. वरच्या घट्ट थराखाली दडलेला, साखरेसारख्या सुट्या कणांचा कमकुवत थर कोसळला की असा आवाज होतो, आणि तीव्र उतारावर हेच घडले असते तर वरचा अख्खा थर सुटला असता. असा थर सपाटीवरून डिवचला गेला तरी लगतचा उतार सुटू शकतो. मी वरच्या कड्याकडे जायचा बेत तिथेच सोडला आणि आल्या वाटेने झाडीत परतले.

त्या दिवशी मी २५ अंशांच्या विरळ झाडीतून उतरले आणि आपल्याला हे आवर्जून सांगावेसे वाटते की, त्यात काहीही कमी पडले नाही. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला ५० ते १०० किलोच्या आसपास असते, म्हणजे पाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे प्रत्येक वळणावर तो गुडघ्यापर्यंत उसळतो, स्की खाली दबून पुन्हा वर तरंगते आणि दोन वळणांच्या मधे शरीराला क्षणभर वजनच उरत नाही. दोन तास चढून केलेला हा उतार दहा मिनिटांत संपतो. मी त्याच मागावरून पुन्हा वर गेले.

झाडीतही एक धोका आहे. दाट फांद्यांच्या झाडाच्या बुंध्याभोवती पोकळ, सैल बर्फाचा खड्डा तयार होतो आणि त्यात डोके खाली करून पडलेल्या माणसाला स्वतःहून निघता येणे फार अवघड असते. म्हणून अशा झाडांपासून मी लांबून वळते. साधा गुडघा मुरगळला तरी थंडीत एकट्याला तो जिवावर बेतू शकतो. त्यासाठी जाड जॅकेट, हेडलॅम्प, बसायला फोमचा तुकडा आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र पिशवीत हवेच, कारण फोनची बॅटरी थंडीत मान टाकते.

आपण हिमस्खलनाचे प्रशिक्षण घेतले नसेल आणि जाणत्या सोबत्यांबरोबर निदान दोन हंगाम काढले नसतील, तर कृपया एकट्याने जाऊ नका. ते झाले असेल, तर निघण्यापूर्वी घरी कोणाला तरी नेमकी वाट आणि परतीची वेळ लिहून द्या, आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून बचाव पथकाला फोन करायचा हेही ठरवून ठेवा. माझ्या घरी तो अवधी दोन तासांचा आहे.